घोडागाडीत सुचलेली गाणी, स्टुडिओत शिरलेलं लोकसंगीत

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही स्वतः गाणी लिहिता आणि गिटारवर गाता. व्हॅश्टी बनियन या ब्रिटिश गायिकेचा १९७० सालचा ‘जस्ट अनदर डायमंड डे’ हा अल्बम तुमच्या ऐकण्यात आला. तो घडला कसा, त्यातला लोकसंगीताचा बाज कुठून आला आणि इतकं चांगलं काम तीस वर्षं अडगळीत का पडलं, हे तुम्हाला हवं आहे. शेवटी सहज म्हणून एक ओळ टाकली आहे, ‘मलाही माझ्या अल्बमला असाच फोक टच द्यायचाय, काय करू?’ खरी मेख या ओळीत आहे, म्हणून बाकीचं उत्तरही तिच्याच रोखाने देतो. मी रेकॉर्डिंग आणि संयोजन (गाण्याला वाद्यं योजणं) दोन्ही करतो, आणि माझ्याकडे येणारी बरीच मंडळी तुमच्यासारखी, आपलं गाणं आपणच लिहून गाणारी असतात. ‘फोक टच’ ही मागणी महिन्यातून एकदा तरी कानावर येतेच.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. या अल्बममधली गाणी लोकगीतं नाहीत. बनियनने स्वतःला फोक गायिका मानलं नाही आणि मुलाखतींमध्ये तिने ते स्पष्ट बोलूनही दाखवलं आहे. तुम्हाला ऐकू येतं ते लोकसंगीत तिच्या गाण्यांतून कमी आणि तिच्या भोवती बसलेल्या वादकांकडून जास्त आलं आहे. अल्बमची सगळी गोडी आणि त्याची सगळी ओढाताण या एका गोष्टीपाशी येऊन थांबते.

बनियनचा जन्म १९४५चा. ऑक्सफर्डच्या रस्किन स्कूलमध्ये ती चित्रकला शिकत होती, पण चित्रं काढण्यापेक्षा गाणी लिहिण्यात जास्त रमायची, म्हणून तिला तिथून काढून टाकलं. अठराव्या वर्षी न्यूयॉर्कला गेली असताना तिने बॉब डिलनची रेकॉर्ड ऐकली आणि ठरवलं, हेच करायचं. पण करायचं होतं ते पॉप. हा तपशील बरेच जण गाळतात. रोलिंग स्टोन्सचा मॅनेजर अँड्र्यू लूग ओल्डहॅम याने तिला हेरलं आणि १९६५ मध्ये डेक्का या रेकॉर्ड कंपनीकडून तिचं पहिलं सिंगल आलं. पहिल्या बाजूला जॅगर-रिचर्ड्स जोडीचं गाणं, तिचं स्वतःचं गाणं मागच्या बाजूला. पुढच्या वर्षी कोलंबियावर ‘ट्रेन साँग’ आलं. अलास्डेअर क्लेअरच्या कवितेला तिने चाल लावली होती. दोन्ही चालली नाहीत. नंतर ओल्डहॅमच्या इमिजिएट लेबलसाठी जे रेकॉर्डिंग केलं, त्यातलं बहुतेक तेव्हा बाहेरच आलं नाही. थोडक्यात, खेड्यातून आलेली आणि आजीकडून गाणी शिकलेली मुलगी असं काही नव्हतं. लंडनच्या पॉप धंद्यात दोन-तीनदा आपटी खाल्लेली ही शहरी मुलगी होती.

मग ती शहरातून निघून गेली. रॉबर्ट लुईस या कलाशाळेतल्या मित्राबरोबर ती रेव्हन्सबोर्न कॉलेजमागच्या झाडीत एका झुडपाखाली राहत होती. ती जागा निघाली बँक ऑफ इंग्लंडची, तेव्हा तिथूनही हुसकावलं गेलं. गायक डोनोव्हनने स्कॉटलंडच्या स्काय बेटाजवळ काही लहान बेटं विकत घेतली होती आणि तिथे कलावंतांची वस्ती वसवायचा बेत होता. त्याच्याकडूनच पैसे उसने घेऊन १९६८ मध्ये या दोघांनी घोडा आणि गाडी घेतली आणि उत्तरेची वाट धरली. घोडीचं नाव बेस, कुत्र्याचं ब्लू. मधला हिवाळ्याचा खंड धरून प्रवासाला दीडेक वर्ष लागलं. स्कायला पोचेपर्यंत वस्ती जवळजवळ पांगली होती आणि डोनोव्हनही तिथे नव्हता. दोघं तशीच पुढे आउटर हेब्रिडीजमधल्या बर्नरे बेटावर गेली.

अल्बममधली बहुतेक गाणी याच वाटेवर झाली. घोडागाडीचा वेग म्हणजे माणसाच्या चालण्याचाच वेग. रस्त्यावर दिवस काढायचा, संध्याकाळी चारा-पाणी आणि चूल बघायची, आणि उरलेल्या वेळात गिटार. ‘जॉग अलाँग बेस’ तर घोडीलाच उद्देशून आहे. एवढ्यापुरतं बोलायचं तर या गाण्यांत लोकगीताचा अंश आहे, आणि तो चालीत नाही, तर गाणं कशासाठी म्हटलं जातं यात आहे. आपल्याकडे जात्यावरच्या ओवीचा ठेका जात्याच्या फेऱ्यावरून येतो. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी खेडोपाडी फिरून ज्या लाखाच्या वर ओव्या गोळा करवल्या, त्या कामाच्या ठेक्याने बांधल्या गेल्या आहेत, मंचाच्या हिशेबाने नाही. बनियनच्या गाण्यांतलं ‘लोक’ शोधायचंच असेल तर ते तिथे शोधा, फिडलमध्ये (म्हणजे लोकसंगीतातल्या व्हायोलिनमध्ये) नको.

पण एक फरक विसरू नका. ओवीतली बाई दळता दळता सासुरवास, दुष्काळ, मेलेलं लेकरू सगळं सांगते. बनियनच्या गाण्यांत नांगरणी आहे, गहू आहे, काजवे आहेत, तळं आहे, पण थंडी, चिखल आणि उपास जवळजवळ नाहीत. तिनेच पुढे सांगितलं आहे की गाणी आयुष्य जसं हवं होतं त्याबद्दलची होती, जसं होतं त्याबद्दलची नव्हे. मला ही गाण्यांची मर्यादा वाटते. तरीही मी ती पुन्हा पुन्हा ऐकतो, कारण स्वप्न रंगवतानाही तिने आवाज कधी चढवला नाही.

आता स्टुडिओकडे. प्रवासातल्या हिवाळी खंडात ती हॉलंड-बेल्जियमकडे गेली होती. तिथे डेरॉल ॲडम्स हा अमेरिकन बॅन्जोवादक भेटला आणि ही गाणी लपवून ठेवू नकोस, असं त्याने तिच्या मनावर बिंबवलं. मग एका ओळखीतून निर्माता जो बॉइड भेटला आणि प्रवास संपल्यावर अल्बम करू असं ठरलं. इनक्रेडिबल स्ट्रिंग बँड आणि फेअरपोर्ट कन्व्हेन्शन हे फोक बँड, गायक निक ड्रेक, हे सगळे तेव्हा बॉइडकडे होते. त्या काळी इंग्लंडात लोकसंगीताला नवं रूप देणारा याच्याइतका कर्ता निर्माता दुसरा क्वचितच असेल. १९६९च्या अखेरीस, दीड वर्ष उघड्यावर काढलेली ही मुलगी लंडनला चेल्सीतल्या साउंड टेक्निक्स स्टुडिओत येऊन बसली.

या स्टुडिओबद्दल थोडं सांगायलाच हवं, माझ्या धंद्यातला विषय आहे. जेफ फ्रॉस्ट आणि जॉन वुड या दोघांनी तो १९६५ मध्ये एका जुन्या दूधडेअरीच्या इमारतीत काढला. बाहेरच्या भिंतीवर गाईंच्या मुंडक्यांची शिल्पं तशीच होती. मिक्सिंगचा डेस्क त्यांनी स्वतःच बांधला. खरी गंमत छताची. कंट्रोल रूम वरच्या मजल्यावर काढल्यामुळे खालच्या हॉलमध्ये छताची उंची सगळीकडे सारखी राहिली नाही, कुठे खूप उंच, कुठे डोक्याशी. एकाच खोलीत तीन तऱ्हेची जागा मिळाली. तंतुवाद्यांचा ताफा उंच छताखाली बसवला तर आवाज फुलतो, आणि बारीक गळ्याची गायिका खुज्या छताखाली बसवली तर आवाज आवळलेला, जवळचा येतो. अशी जागा ठरवून बांधायला गेलात तर आर्किटेक्ट वेड्यात काढेल. निक ड्रेकचे तिन्ही अल्बम इथे झाले. फेअरपोर्टचा ‘लीज अँड लीफ’ याच खोलीत, बनियनच्या अगदी काही आठवडे आधी झाला.

तिच्याभोवती वादक कोण होते ते बघा. फेअरपोर्टमधून डेव्ह स्वॉरब्रिक फिडल आणि मँडोलिनवर, सायमन निकोल बॅन्जोवर. इनक्रेडिबल स्ट्रिंग बँडचा रॉबिन विल्यमसन फिडल, व्हिसल आणि आयरिश हार्प घेऊन. पियानो-ऑर्गनवर ख्रिस्तोफर साइक्स. आणि प्रवासातला चित्रकार मित्र जॉन जेम्स डल्सिटोनवर. अल्बमच्या मुखपृष्ठावरची चित्रंही त्याचीच. डल्सिटोन हे वाद्य आपल्याकडे कुणी पाहिलेलं नसतं. ग्लासगोमध्ये बनायचं, दिसायला लहान पियानोसारखं, पण आत तारा नसून ट्यूनिंग फोर्क असतात आणि त्यांवर छोट्या हातोड्या पडतात. आवाज घंटीसारखा पण इतका कमी की शेजारी कुणी जरा जोरात वाजवलं तर ऐकूच येत नाही. बनियनच्या गळ्याशेजारी बसवायला यापेक्षा योग्य वाद्य सापडलं नसतं.

तिचा गळा समजून घेतल्याशिवाय पुढचं कळणार नाही. कंप नाही, ताना नाहीत, जवळजवळ कुजबुज. असा आवाज टेपवर घ्यायचा म्हणजे माइकची पातळी वर न्यावी लागते, आणि मग टेपची सूंऽऽ, खुर्चीची करकर, गिटारच्या तारेवर सरकणारं बोट, सगळंच वर येतं. त्यात शेजारी फिडल आली की खरी अडचण सुरू होते. फिडलचा चावा आणि हळू गाणाऱ्या गळ्यातली व्यंजनं साधारण एकाच पट्टीत, दोन ते चार हजार हर्ट्झच्या आसपास राहतात. फिडल वाजली की शब्द पुसले जातात. मिक्समध्ये फिडल खाली ओढली तर ती भुणभुण वाटते, आणि आवाज वर ढकलला तर तो कुजबुजीचा आवाज उरत नाही. यावर फेडरने (डेस्कवरच्या आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकपट्टीने) उपाय होत नाही, वादकानेच कुठे थांबायचं ते ओळखावं लागतं. ‘जॉग अलाँग बेस’ ऐका. फिडल आणि बॅन्जोमुळे गाणं प्रसन्न झालं आहे, जत्रेत निघाल्यासारखं. पण बनियन त्यात गायिका न राहता मेळ्यातली एक झाली आहे. याच्या लगोलग ‘रोझ हिप नोव्हेंबर’ लावा. इथे हार्प आहे, जागा भरपूर आहे, आणि तिच्या आवाजाला कडा फुटल्यात. वादक तेवढेच थोर, पण एकात त्यांनी तिला आपल्या घरी नेलं आणि दुसऱ्यात ते तिच्या घरी आले.

तिसरी तऱ्हा रॉबर्ट कर्बीची. निक ड्रेकचा केंब्रिजमधला मित्र, ‘फाइव्ह लीव्ह्ज लेफ्ट’ या ड्रेकच्या अल्बममधल्या तंतुवाद्यांच्या संयोजनामुळे नुकताच नावारूपाला आलेला. त्याने तीनच गाण्यांचं संयोजन केलं: ‘डायमंड डे’, ‘स्वॅलो साँग’ आणि ‘रेनबो रिव्हर’. रेकॉर्डर (एक प्रकारची बासरी) आणि तंतुवाद्यं, सगळं कागदावर लिहून. लिहिलेल्या संयोजनाचा फायदा असा की गायिका श्वास कुठे घेते ते आधीच समोर असतं आणि वाद्यं त्या श्वासात शिरवता येतात, शब्दांवर चढवावी लागत नाहीत. बनियनला हीच तीन गाणी आपल्या मनातल्या आवाजाच्या सर्वांत जवळची वाटत आली. बाकी अल्बम तिला हवा होता त्यापेक्षा जास्त ‘फोक’ झाला, असं तिचं म्हणणं. मी दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला आहे. सगळा अल्बम कर्बीने केला असता तर तो जास्त सुबक झाला असता, पण आज तो ऐकताना चिखल-गवताचा जो वास येतो तो कदाचित आला नसता. तरी निर्णय तिचा नव्हता, हे खरंच. चौदा गाणी, सगळा मिळून अर्ध्या तासाचा मामला, आणि तेवढ्यात तीन वेगवेगळ्या लोकांची तीन वेगवेगळी मतं ऐकू येतात.

आता तो पडला का. रडकथा करण्यासारखं त्यात फार काही नाही, कारणं रोकडी आहेत. रेकॉर्डिंग १९६९च्या अखेरीस झालं आणि अल्बम फिलिप्सवर आला १९७०च्या डिसेंबरमध्ये. मधलं वर्ष वाया गेलं. तेवढ्यात तिला मूल झालं, त्यामुळे गावोगावी कार्यक्रम करत फिरणं शक्य नव्हतं, आणि मुळात तिला मंचाची हौस नव्हती. बॉइड आपला इंग्लंडमधला पसारा आवरून लॉस एंजलिसला वॉर्नर ब्रदर्सकडे निघाला होता. म्हणजे गायिका बाजारात नाही, निर्माता देशात नाही. अशा रेकॉर्डला धक्का कोण देणार? काही शे प्रतींच्या पुढे खप गेला नाही.

श्रोत्यांचीही एक बाजू आहे. १९७० साली इंग्लंडात फोक ऐकणाऱ्यांना एक तर अस्सल जुनी गाणी हवी होती किंवा ‘लीज अँड लीफ’सारखी विजेवर चढवलेली. इथे ‘लिली पाँड’ची चाल चक्क ‘ट्विंकल ट्विंकल’ची. अनेकांनी हे बालगीतांचं काम समजून बाजूला ठेवलं असेल तर मला नवल वाटणार नाही. गंमत म्हणजे शंभराहून जास्त वर्षं आयांच्या तोंडी असलेल्या त्या चालीइतकं लोकांचं दुसरं काय असतं?

बनियनने मात्र ते सगळं स्वतःवर घेतलं. गाणं थांबवलं. इनक्रेडिबल स्ट्रिंग बँडच्या लोकांजवळ स्कॉटलंडमध्ये काही काळ राहिली, मग जनावरं, शेतीवाडी, तीन मुलं. गिटार कितीतरी वर्षं हातात घेतली नाही. मधल्या काळात बॉइडने तिची आणि निक ड्रेकची भेट घालून दिली होती, दोघांनी मिळून गाणी लिहावीत म्हणून. एक अबोल आणि दुसरी बुजरी, कडेवर लहान मूल. काहीच घडलं नाही.

१९९०च्या दशकाच्या शेवटी घरात कॉम्प्युटर आला आणि तिला कळलं की लोक आपली रेकॉर्ड शोधत फिरत आहेत. मूळ प्रती पुढे हजार पौंडांच्या वर गेल्या. २००० साली स्पिनी या छोट्या लेबलने अल्बम पुन्हा काढला. गायक डेवेंद्र बॅनहार्टसारख्या नव्या पोरांनी तिला गुरुस्थानी मानलं आणि २००४ मध्ये ती त्याच्या अल्बमवर गायली. मग एका मोबाईल कंपनीच्या जाहिरातीत ‘डायमंड डे’ वाजलं आणि एका फटक्यात ते ब्रिटनभर पोचलं. १९७० साली असं काही झालं असतं तर, हा विचार मी करत नाही. त्या गाण्याला जाहिरातीत ऐकणारा कान तेव्हा तयारच नव्हता.

तुमच्या कामाचा भाग मला वाटतं इथे आहे. पस्तीस वर्षांनी, २००५ मध्ये तिने ‘लुकआफ्टरिंग’ केला, मॅक्स रिक्टरच्या निर्मितीत, आणि त्यात रॉबर्ट कर्बीला पुन्हा वाजवायला बोलावलं. पहिल्या अल्बमवरच्या इतक्या लोकांतून तिने कुणाला निवडलं ते बघा. २०१४च्या ‘हार्टलीप’चं बहुतेक रेकॉर्डिंग तर तिने घरीच, स्वतःच केलं. तिला नोटेशन लिहिता-वाचता येत नाही, पियानो दोन हातांनी वाजवता येत नाही. मग एकेका हाताने, एकेक ओळ वाजवून कॉम्प्युटरवर रचत गेली. वेळ अतोनात लागला, पण त्यातला प्रत्येक सूर तिच्या होकाराने आहे. दोन्ही टोकं ऐकलीत की मला काय म्हणायचंय ते कळेल.

आता ‘फोक टच’. माझा पहिला प्रश्न नेहमी हाच असतो: तुमच्या गाण्यात लोकांचं आधीपासून काय आहे? चाल, ठेका, बोली, प्रसंग, काहीतरी असेल तर ते पुढे काढू. काहीच नसेल तर तुणतुणं आणून ते येणार नाही. तुणतुण्याची एकच तार सतत टुणटुणत राहते आणि तुमच्या गाण्यातली स्वरवाट जरा फिरती असली की ती पहिल्या कडव्यातच बोचू लागते. हलगी तर दहा फुटांवर ठेवली तरी हळू गळ्याला गिळते. हलगी वाजवणारा वाईट वाजवतो म्हणून नाही, उघड्या मैदानासाठी बनलेलं वाद्य आहे ते. त्यातल्या त्यात दिमडी बोटांनी, कातडं थोडं सैल ठेवून वाजवून घेतली तर बसते. पण त्या वादकाला आधी तुमचं गाणं नुसत्या गिटारवर शांतपणे ऐकवा, वाद्य हातात न देता. दुसऱ्या ऐकण्यानंतर तो स्वतःच सांगतो की या कडव्यात मी वाजवत नाही. असं सांगणारा वादक मिळाला तर त्याला सोडू नका.

गळा आणि गिटार एकत्र, क्लिकशिवाय (कानात वाजणाऱ्या मशीनच्या ठेक्याशिवाय) घ्या. तुमच्या चालण्याचा वेग गाण्यात असेल तर तो मशीनला बांधू नका. बाकी सगळं त्यावर नंतर चढेल किंवा चढणार नाही. आणि वादक ठरायच्या आधी एक कच्चं रेकॉर्डिंग फोनवर का होईना, करून ठेवा. पुढे स्टुडिओत चार थोर लोक चार बाजूंनी सुचवू लागले की आपलं गाणं मुळात कसं होतं हे आठवायला ते उपयोगी पडतं.

ऐकायचा क्रम विचाराल तर ‘रोझ हिप नोव्हेंबर’, मग ‘जॉग अलाँग बेस’, मग ‘स्वॅलो साँग’, तिन्ही लागोपाठ, हेडफोनवर, शब्दांकडे न बघता फक्त तिचा आवाज आणि वाद्यं यांमधलं अंतर ऐकत. त्यानंतर ‘हार्टलीप’ सलग. मग तुमचं कच्चं रेकॉर्डिंग मला पाठवा, वादकांचं तेव्हा बोलू.